निळ्याकडे झुकणारा मोरपंखी

बायकोच्या साडीचा रंग नवऱ्याला सांगता येत नाही, हे विजयमाला पाचोरेने एकतीस वर्षांच्या अनुभवावरून ठरवून टाकलं होतं. सांगलीच्या पेठेत तिच्या सासऱ्यांनी काढलेलं 'पद्मावती मॅचिंग सेंटर' होतं. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर आणि परकर एवढंच तिथे मिळायचं, पण एकेका रंगाच्या चाळीस-चाळीस छटा. दुकानात येणारे नवरे दोनच प्रकारचे असत. एक स्कूटरवरून न उतरणारे. दुसरे बायकोने चिठ्ठी देऊन पाठवलेले, जे चिठ्ठी हरवून बसत आणि "हिरवट कायतरी होतं बघा" म्हणत. तिचा स्वतःचा नवरा भरतेश जन्मभर रंग विकत आला होता, पण समोर बसलेल्या बायकोने आज काय नेसलं आहे ते डोळे मिटून सांग म्हटलं तर त्याची दांडी गुल व्हायची. घरातला तो जुना विनोद होता.

म्हणून त्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, हरवलेली माणसं शोधणाऱ्या चाहूल केंद्राच्या काउंटरपलीकडे बसलेला माणूस म्हणाला, "मोरपंखी. पण हिरव्याकडं झुकणारा नव्हे, निळ्याकडं झुकणारा. धुऊन धुऊन जरा उतरलाय. काठ डाळिंबी, बोटभर रुंद," तेव्हा विजयमालाने हातातलं पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

माणूस अठ्ठेचाळीसचा असेल. इस्त्रीचा शर्ट, घोटून केलेली दाढी. नाव दिनकर मगदूम, आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायचा. हरवली होती त्याची बायको, पल्लवी, वय पंचेचाळीस.

"किती वाजता बाहेर पडल्या?"

"साडेदहाच्या सुमाराला. मी अंघोळीला गेलो होतो. कडी लावायची राहिली."

"कडी?"

"दाराची. वरची." तो क्षणभर थांबला. "तिच्या डोक्याचं दुखणं आहे, मॅडम. विसरते. एकटी बाहेर पडली की परत यायचं कळत नाही."

"डॉक्टरांचे कागद?"

"फाइल मिरजेला आहे. परवाच्या तपासणीला त्यांनी ठेवून घेतली."

असं म्हणत त्याने शर्टाच्या खिशातून कापडाचा एक तुकडा काढला आणि तिच्यापुढे ठेवला. बोटभर लांबीचा, कडेने नीट कातरलेला, त्याच साडीचा. बायको सापडत नाही म्हणून धावत आलेल्या माणसाच्या खिशात तिच्या साडीचा तुकडा तयार असतो, हे विजयमालाने आजवर बघितलं नव्हतं. तिच्या मनात पाल चुकचुकली.

पुढचं बोलणं ऐकून तर तिला काही शंकाच उरली नाही.

"सापडली की तिला धरून ठेवतात ना?" त्याने विचारलं. "मी पोचेपर्यंत सोडत नाहीत ना?"

"थांबवून ठेवतात."

"आणि ती म्हणेल की मी तिचा नवरा नाही. तिकडं लक्ष देऊ नका म्हणावं."

तुकडा उचलून विजयमाला खिडकीशी गेली.

चाहूल केंद्रात नोकरी धरताना तिने एकच अट घातली होती, दक्षिणेकडची एक खिडकी. मॅचिंगच्या धंद्यात ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग जुळला असं कोणी धरत नाही. गिऱ्हाइकाला साडी आणि कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर पाठवायचं, 'उन्हात बघून या' म्हणायचं, आणि ते मान हलवत परत आले तरच कात्री लावायची. पन्नास वर्षं दुकान या एका सवयीवर चाललं होतं.

तीन वर्षांपूर्वी केंद्र सुरू झालं, तेव्हा इथल्या इंजिनिअर रेश्मा मुजावरने तिला चाहूल म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं. रेश्मा पस्तिशीची, बोलायला फटकळ आणि शिकवायला हुशार. तिने सुरुवातच डाळीपासून केली होती.

"काकू, मसुरीच्या डाळीत एक हिरवा मूग पडला तर तुम्ही तो शोधता का? नाही शोधत. तोच येऊन डोळ्यात भरतो. डाळ वाटीभर असो की पातेलंभर, वेळ तेवढाच लागतो. पण तुरीच्या डाळीत चार हरभऱ्याच्या डाळी मिसळल्या तर? एकेक दाणा बघत बसावं लागतं."

मग तिने विजयमालाला हात लांब करून अंगठ्याचं नख बघायला लावलं होतं. डोळ्याला एका वेळी स्पष्ट दिसतं ते तेवढंच, साधारण त्या नखाएवढं. बाकी सगळं अंधुक असतं. पुढची नजर कुठे टाकायची हे मेंदू त्या अंधुकातूनच ठरवतो, आणि ठरवताना त्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो रंग. आपण लाल काही शोधत असलो तर नजर लाल ठिपक्यांवरच उतरते. निळ्या, पिवळ्या, करड्या वस्तूंवरून ती नुसती घसरत जाते, आणि मेंदू आपल्याला खुशाल सांगत राहतो की आपण सगळं बघितलं.

चाहूल एवढ्यावरच चालायची. रस्त्यावरचे चेहरे ओळखणारे कॅमेरे कोर्टाने बंद केले होते, तेव्हा उरले ते माणसांचे डोळे. पण त्या डोळ्यांवर आता चष्मे होते. निरोप, नकाशे, बाजाराची यादी, सगळं त्यात दिसायचं, आणि गावात दहातल्या नऊ नाकांवर तो असायचा. कोणी हरवलं की केंद्रातून कपड्याच्या रंगाचा नंबर सुटायचा. गावभरच्या चष्म्यांत तेवढी एक छटा जराशी उजळायची आणि बाकीचं जग जरासं मळकट व्हायचं. हा फरक इतका थोडा असे की लावणाऱ्याला पत्ता लागत नसे. पण नजर आपसूक तिकडे वळायची. ती अर्धा सेकंद टिकली की चष्म्याच्या कोपऱ्यात हरवलेल्या माणसाचा फोटो यायचा, 'ही व्यक्ती आहे का?' हो म्हटलं की केंद्रात घंटा. सरासरी चौदा मिनिटांत माणूस सापडत होता.

यंत्राचं घोडं अडलं होतं ते एकाच जागी. घाबरलेली सून सांगायची 'आमसुली', आणि तिचा आमसुली म्हणजे दुसऱ्या घरातला वांगी असायचा. या शब्दाचा नंबर करायला यंत्राला जमेना, म्हणून मॅचिंगवाली बाई नेमली.

या कामातली मेख विजयमालाला पहिल्याच हिवाळ्यात कळली होती. एक म्हातारा हरवला. स्वेटर तपकिरी, असं सुनेने सांगितलं, सोबत उरलेली लोकर आणली. दिवस ढगाळ होता, ऊन नव्हतं, विजयमालाने ट्यूबलाइटखाली नंबर काढला. स्वेटर खरा होता जांभळट. म्हातारा एसटी स्टँडसमोरच्या बाकावर तीन तास बसून होता. समोरून साडेतीनशे चष्मे गेले, आणि त्या प्रत्येक चष्म्याने जांभळा रंग मळकट करून दाखवला. चुकीचा नंबर दिला की माणूस सापडत नाही एवढ्यावर भागत नाही, तो समोर असूनही दिसत नाही. म्हातारा तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. सुनेने विजयमालाला बोल लावला नाही, आणि त्यामुळे तिला ते अजून झेपलं नव्हतं.

पण दुसरीही एक गोष्ट होती. गेल्या वर्षी शेजारच्या जिल्ह्यातल्या केंद्रात एक नवरा आला. बायको वेडसर आहे म्हणाला. रंग बरोबर सांगितला, नंबर बरोबर सुटला, बाई अकराव्या मिनिटाला बसस्टँडवर बॅग घेऊन उभी असलेली सापडली आणि लोकांनी मोठ्या आपुलकीने तिला त्याच्या ताब्यात दिलं. चौथ्या दिवशी पेपरात चार ओळींची बातमी आली. त्यानंतर सगळ्या केंद्रांना परिपत्रक आलं की संशय आल्यास पोलिसांना कळवावे, मात्र शोध पाच मिनिटांहून अधिक थांबवू नये. हे लिहिणारा माणूस काउंटरवर एक दिवसही बसला नसावा, असं विजयमालाला तेव्हाच वाटलं होतं.

खिडकीत ऊन चांगलं होतं. तुकडा तिने सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला. मोरपंखी, निळ्याकडे झुकणारा, जरा उतरलेला. त्या माणसाने तंतोतंत सांगितलं होतं. तिच्या दुकानात तीस वर्षं काम केलेल्या बाईनेही इतकं नेमकं सांगितलं नसतं. असा रंग नवऱ्याला कधी पाठ होतो? बायकोवर पाळत ठेवली तर होतो, तिने स्वतःलाच उत्तर दिलं.

चार मिनिटं झाली होती. तिने हवालदार बिरनाळेंना फोन लावला, पत्ता दिला आणि शेजारीपाजारी विचारून यायला सांगितलं. बिरनाळे म्हणाले, पंधरा-वीस मिनिटं लागतील.

मग ती टेबलाशी येऊन बसली. तुकडा ट्यूबलाइटखाली धरला. इथे तो हिरव्याकडे झुकत होता. तिने तो हिरव्याकडचा नंबर टाकला आणि बटण दाबलं. अकरा पंचवीस झाले होते.

वीस मिनिटं मिळवायची, बस्स, असं तिने मनाशी म्हटलं. बाई पळालेली असेल तर तेवढ्यात लांब जाईल. आणि खरंच हरवलेली असेल तर? तर वीस मिनिटांनी नंबर बदलता येईल. हे दुसरं वाक्य तिने मनात जरा घाईनेच संपवलं.

गावभर हिरवा उजळला. रेश्माच्या पडद्यावर नजरा कुठे टेकताहेत त्याचे ठिपके उमटायला लागले. भाजी मंडईत मेथीच्या जुड्यांवर, शाळेच्या फाटकाच्या नव्या रंगावर, एका नवरीच्या चुड्यावर. घंटा काही वाजेना.

दहा मिनिटांनी रेश्मा खुर्ची वळवून म्हणाली, "काकू, रंग बघितलात ना उन्हात?"

"बघितला."

ते खोटं नव्हतं. रेश्मा पुन्हा पडद्याकडे वळली.

दिनकर मगदूम भिंतीकडेच्या बाकावर बसला होता. दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता आणि गुडघा हलवत होता. आता विजयमालाने त्याच्याकडे बघायचं ठरवलंच होतं, तेव्हा तिला बरंच काही दिसायला लागलं. त्याच्या उजव्या हाताची नखं आखूड कापलेली होती, पण डाव्या मनगटावर ओरखडा होता. बाई कुठे गेली असेल असं तो एकदाही म्हणाला नव्हता, किती वेळ लागेल एवढंच विचारत होता. पायात दोन वेगळ्या चपला होत्या, त्याकडे मात्र तिचं लक्ष गेलं नाही.

अकरा बेचाळीसला बिरनाळेंचा फोन आला.

"मॅडम, सहा महिन्यांपूर्वीच या गल्लीत राहायला आलेत. कुणाशी बोलणं-चालणं नाही. पण शेजारची बाई काय म्हणते ऐका. रोज सकाळी हिचा आरडाओरडा ऐकू येतो. 'सोडा मला, तुम्ही कोण, मला जाऊ द्या,' असं. आणि दाराला आतनं अगदी वरती जास्तीची कडी बसवलीय. मी साहेबांना विचारतो आणि येतो तिकडं. त्याला बसवून ठेवा."

विजयमालाने फोन ठेवला. मनाला समाधान झालं होतं, आणि ते तिला स्वतःपासून लपवता आलं नाही. तिची नजर चुकली नव्हती. नंबर बदलायची वेळ आली आणि गेली, तिने तो बदलला नाही.

आणखी दहा मिनिटं गेली. मग दिनकर उठून काउंटरशी आला.

"मॅडम, रागावू नका. पण चौदा मिनिटांत होतं असं ऐकलं होतं."

"शोध चालू आहे."

"तुकडा जुना झाला असंल. रंग नीट कळत नसंल." त्याने खांद्याच्या पिशवीतून एक जाड वही काढली. "यात तिच्या सगळ्या साड्यांचं आहे. आजची नववी. हिचं मॅचिंग नवं घेतलं होतं, त्याचा तुकडा ताजा आहे. तो बघता का?"

वहीच्या प्रत्येक पानावर एका साडीचा तुकडा, त्याच्या ब्लाउजचा तुकडा आणि दुकानाची चिठ्ठी पिनेने टाचलेली होती. चिठ्ठीच्या वर 'पद्मावती मॅचिंग सेंटर' असं छापलेलं. प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेनने काढलेलं एक छोटं वर्तुळ आणि त्याभोवती किरणं. गिऱ्हाइकाने रंग उन्हात बघून पसंत केला की ही खूण करायची पद्धत तिच्या सासऱ्यांची. अक्षर भरतेशचं होतं.

विजयमालाने पानं उलटली. अठरा साड्या, अठरा सूर्य.

ती वही तशीच उघडी ठेवून मागच्या खोलीत गेली आणि दुकानात भरतेशला फोन लावला.

"मगदूम म्हणून कोणी गिऱ्हाईक आहे तुमचं? दिनकर मगदूम?"

"आहे की," भरतेश म्हणाला. "दोन वर्षं येतोय. का गं? बायको हरवली काय त्याची?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"अगं, तिला विसरायचं दुखणं आहे. माणसं ओळखत नाही. ह्यालाबी ओळखत नाही. रोज सकाळी उठली की परका माणूस घरात शिरला म्हणून ओरडते, ओरबाडते. आणि तो रोज तिची समजूत काढून साडी नेसवतो. रंग ठळक ठेवा, एकेक तुकडा जवळ बाळगा, असं डॉक्टरांनी सांगितलंय त्याला. कधी कुठली नेसवली ते पाठ असतं त्याला. उन्हात इतका वेळ उभा राहतो की मी स्टूल देतो बाहेर." भरतेश जरा थांबला. "परवाच विचारत होता, हरवलीच तर चाहूलला रंग कसा सांगायचा. मी म्हटलं, काळजी नको. माझी बायको बसते तिथं. तिच्यापुढं तुकडा ठेव, निम्मं काम झालं समज."

विजयमालाने फोन कधी बंद केला ते तिला आठवलं नाही. ती टेबलाशी येऊन बसली आणि निळ्याकडचा नंबर टाकला. नंबर बदलताना यंत्र कारण विचारतं आणि चार कारणांची यादी पुढे करतं. वेळ नव्हता. तिने पहिलंच कारण दाबलं, 'प्रकाशातील फरक'. अकरा एकोणसाठ झाले होते.

गावभर हिरवा मावळला आणि निळा उजळला. दुसऱ्या मिनिटाला पडद्यावरचे ठिपके सरकायला लागले. सातव्या मिनिटाला घंटा वाजली.

"घाटावर," रेश्मा म्हणाली. "कृष्णेच्या. पाण्यात आहे, काकू. कमरेइतक्या. बघणाऱ्याला सांगते लक्ष ठेवायला." तिची बोटं फिरत होती आणि चेहरा बदलत चालला होता. "ती तिथंच होती. पहिला नंबर सुटला तेव्हापासून घाटावरून एकोणीस चष्मे गेलेत. एकालाही दिसली नाही."

दिनकर दाराबाहेर पडलाही होता. विजयमाला त्याच्यामागे धावली. रिक्षात ते शेजारी शेजारी बसले. तो समोर बघत होता, ओठांनी काहीतरी पुटपुटत होता. तिने फोन काढला. त्याला ऐकू येणार हे तिला माहीत होतं, किंबहुना म्हणूनच तिने तो तिथे लावला.

"रेश्मा, नोंदीतलं कारण बदल. प्रकाशातला फरक नव्हता तो. उन्हातला रंग मला आधीच कळला होता. मी मुद्दाम दुसरा टाकला."

रेश्माने आवाज खाली आणला. "काकू, फोनवर नको. ट्यूबलाइटची चूक म्हणून जाईल हे. कोणी विचारणार नाही."

"संशय आला म्हणून टाकला, असं लिही."

"यादीत तसं कारण नाही."

"मग नवीन घाल."

रिक्षा वळणावर कलली. दिनकरने मान वळवून तिच्याकडे बघितलं. तो ओरडला असता, शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं. त्याने पुन्हा समोर बघायला सुरुवात केली आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "जरा जोरात."

घाटाच्या वरच्या पायरीवर होडी दुरुस्त करणारा एक माणूस हातात हातोडी घेऊन उभा होता. "मी सकाळपास्नं हितंच हाय," तो सांगायला लागला. "आत्ता एकदम दिसल्या बघा. कशा काय दिसल्या न्हाईत, देवाला ठावं. हाक मारली तर आणखी आत सरकल्या. म्हणून गप उभा ऱ्हायलो. अजून दोन पायऱ्या हायत, म्होरं खोल हाय."

खाली पाण्यात पल्लवी मगदूम पाठमोरी उभी होती. पदर पाण्यावर पसरला होता. दुपारच्या उन्हात तो निळा रंग इतका लख्ख होता की दुसरीकडे बघणंच अवघड होतं.

दिनकर तीन पायऱ्या उतरला आणि थांबला. हात कठड्यावर घट्ट धरलेला होता. आता विजयमालाला त्याच्या दोन वेगळ्या चपला दिसल्या.

"मी गेलो तर ती मागं सरकंल," तो म्हणाला. "मला भिते. तुम्ही जावा."

"मगदूम, तुम्ही रिक्षात ऐकलंत. मी..."

"आधी तिला वर आणा."

विजयमालाने चपला काढल्या. शेवाळलेल्या पायऱ्या पायाला बुळबुळीत लागत होत्या. पाणी घोट्याला, गुडघ्याला, मग कमरेला आलं. तिला पोहता येत नव्हतं. ती पल्लवीच्या बाजूला, दोन हात अंतर ठेवून उभी राहिली आणि दुकानात परक्या बाईशी बोलावं तसं म्हणाली, "छान रंग आहे हो साडीचा. कुठून घेतलीत?"

पल्लवीने मान वळवली. चेहरा शांत होता, प्रवासात गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखा.

"आमच्या घरात एक माणूस आहे," ती म्हणाली. "तो आणतो."

"वर चला. उन्हात बघू नीट."

पल्लवीने वर बघितलं. पायऱ्यांवर दिनकर उभा होता. ती विजयमालाच्या जवळ सरकली, अगदी कानाशी, आणि तिचा हात घट्ट धरला.

"तोच तो. रोज सकाळी येतो. मी ओळखत नाही त्याला. बरा माणूस आहे का हो?"

विजयमालाने वर बघितलं. माणूस हलला नव्हता. ऊन सरळ त्याच्या चेहऱ्यावर पडलं होतं. त्याने डोळ्यांवर हात धरला नव्हता, आणि काही लपवण्याच्या अवस्थेतही तो नव्हता. चौतीस मिनिटं तिने या माणसाला समोर बसवून बघितलं होतं.

"बरा आहे," ती म्हणाली. "सकाळी आत बसून बघितला तेव्हा मला तो वाईट वाटला होता. आता उन्हात बघितलाय. बरा आहे."

पल्लवीने थोडा विचार केला. मग ओल्या निऱ्यांकडे बघत म्हणाली, "आज घाई केली त्याने. निऱ्या नीट नाही आल्या."

"सांगू त्याला."

"रागावू नका पण," पल्लवी म्हणाली, आणि तिने वरच्या पायरीवर पाय ठेवला. तिच्यामागून साडी पाण्याबाहेर आली. रंग त्याने सांगितला होता तोच होता, निळ्याकडे झुकणारा.